फाटकावरील परराष्ट्र

आम्ही राहतो त्या पुण्यातील इमारतीच्या फाटकाशी एक परराष्ट्र गेली अठरा वर्षे स्टूल टाकून बसलेले आहे, ही गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली. राज्यशास्त्र शिकविण्यावर ज्याचे पोट चालते त्याने असा कबुलीजबाब द्यावा हे भूषणावह नाही. परंतु वाचकांपैकी पुष्कळांच्या फाटकाशीही तेच राष्ट्र बसलेले असण्याचा संभव असल्यामुळे, आमची फजिती आम्ही येथे सांगून टाकीत आहोत.

त्या राष्ट्राचे नाव आमच्या इमारतीत 'बहादूर' असे आहे. त्याच्या आधी जो होता तोही बहादूरच होता, आणि मागल्या बाजूच्या बंगल्यातला तोही बहादूरच. ही माणसे प्रांताने, जातीने, स्वभावाने निरनिराळी असतील अशी शंका आम्हांस कधी शिवली नाही. एका शब्दात सगळा देश बसला होता. आमच्या वर्गातील टिपणांतही तो तसाच एका शब्दात बसला होता, आणि तो शब्द म्हणजे 'रोटी-बेटी'. आशियातील राष्ट्रांचे परस्परसंबंध आम्ही पंचवीसएक वर्षे शिकवीत आहोत. त्यात चीनला आठ तास, पाकिस्तानला आठ तास, बांडुंगची परिषद आणि अलिप्ततावाद यांना मिळून चार. आणि सत्र संपत आले, मुलांचे चित्त परीक्षेकडे लागले, म्हणजे नेपाळला पाऊण तास. पशुपतिनाथ, जनकपूर, खुली सरहद्द, गुरखा पलटणी, रोटी-बेटीचे व्यवहार, झाले. ज्याच्याशी भांडण नाही त्याच्याविषयी शिकविण्यासारखे काय असणार, अशी आमची समजूत होती.

25 एप्रिल 2015 रोजी नेपाळात मोठा भूकंप झाला. सुमारे नऊ हजार माणसे दगावली. भारताची विमाने काही तासांतच मदत घेऊन काठमांडूस उतरली, आणि त्या तत्परतेचा आम्हांस मनापासून अभिमान वाटला, आजही वाटतो. इमारतीत वर्गणी निघाली. आम्ही पुढाकार घेतला, पाकीट भरले, आणि रविवारी सकाळी चार शेजाऱ्यांच्या साक्षीने ते बहादूरच्या हाती देऊन सांत्वनाचे दोन शब्दही बोललो. तो पाकिटाकडे पाहत राहिला. मग संकोचाने म्हणाला, "सर, माझे घर पडले नाही. आमच्याकडे काही झाले नाही." त्याचे गाव अछाम जिल्ह्यातले, म्हणजे नेपाळच्या सुदूर पश्चिमेकडले. भूकंपाचा केंद्रबिंदू होता गोरखा जिल्ह्यात. या दोहोंतले अंतर पुण्यापासून पणजी जितकी दूर तितके सहज भरेल. 'गुरखा' म्हटले की तो गोरख्याचाच, आणि नेपाळ हलले की सगळे नेपाळ हलले, असा आमचा भूगोल होता. पाकीट परत घेणेही बरे दिसेना. अखेर त्यानेच ते आपल्या ओळखीच्या, सिंधुपाल्चोकच्या एका माणसाकडे पोचते केले. तिकडे खरोखरीच गावेच्या गावे जमीनदोस्त झाली होती.

त्याच वर्षी 20 सप्टेंबरला नेपाळने आपली नवी राज्यघटना जाहीर केली. तराईतील मधेशी आणि थारू लोकांना ती मान्य नव्हती. प्रांतांच्या सीमा आणि नागरिकत्वाची कलमे आपल्यावर अन्याय करणारी आहेत अशी त्यांची तक्रार होती आणि ती निराधार नव्हती. डोंगरी काठमांडूने तराईतल्या माणसास पिढ्यान्‌पिढ्या अर्धा परका मानले आहे. त्या चळवळीत चाळिसाहून अधिक माणसे मेली. दिल्लीने आपली नाराजी लपवून ठेवली नाही. आणि घटना जाहीर झाल्यावर आठवड्याच्या आत रक्सौल-बीरगंजच्या नाक्यावर मालमोटारींच्या रांगा थांबल्या त्या सुमारे साडेचार महिने थांबल्या. भारत सरकारचे म्हणणे असे की, आम्ही काहीही अडविलेले नाही, अडथळा सरहद्दीच्या पलीकडे आंदोलकांचा आहे. नेपाळचे म्हणणे असे की, जेथे आंदोलक नव्हते त्या नाक्यांवरूनही माल येईना, आणि पेट्रोल देणारी तर भारताची सरकारी कंपनी. आंदोलक पुलावर बसले होते हे खरे. पण इतर वाटांनीही इंधनाची धार आटली हेही खरे, आणि ते नुसत्या योगायोगाने घडले असे मानणे आम्हांस आज जड जाते.

तेव्हा मात्र जड गेले नाही. दिवाळीनंतर आमच्या इमारतीच्या सभागृहात आमचे 'नेपाळचा पेच' या विषयावर व्याख्यान झाले. शेजारधर्म, मधेशींचे न्याय्य हक्क, चीनचा बागुलबुवा पुढे करून सवलती उकळण्याची काठमांडूची जुनी खोड, असे सर्व मुद्दे आम्ही मांडले. टंचाईच्या बातम्या बऱ्याचशा फुगविलेल्या आहेत असेही बोलून गेलो. टाळ्या पडल्या. एका निवृत्त सेनाधिकाऱ्यांनी आमचे मुद्दाम अभिनंदन केले. सगळी मंडळी गेल्यावर आम्ही चष्मा शोधण्याकरिता परत आत आलो, तो बहादूर खुर्च्या उचलीत होता. दसईंच्या सणासाठी गावी जाऊन तो नुकताच परतला होता. व्याख्यान त्याने दाराशी उभे राहून ऐकले होते, हे आमच्या लक्षातच नव्हते.

"कसे काय, घरी सगळे ठीक?" आम्ही विचारले. विचारायचे म्हणून विचारले.

"आई आजारी होती, सर. तिला डोकोत घालून नेली."

आम्हांस वाटले डोक्यावर बसवून. त्याने हातांनी आकार दाखविला तेव्हा उलगडा झाला. डोको म्हणजे पाठीवर घेऊन कपाळाच्या पट्ट्याने तोलण्याची बांबूची टोपली. गावापासून इस्पितळापर्यंत जीप जाते, तीन तासांची वाट. डिझेल नाही म्हणून जीप बंद होती. त्याने आणि त्याच्या भावाने आळीपाळीने आईला पाठीवर घेऊन ती वाट दीड दिवसात तोडली. इस्पितळात गेल्यावर औषध अर्धेच मिळाले. आई वाचली. एवढे सांगून तो खुर्च्यांकडे वळला, आणि मग पाठमोराच म्हणाला, "भूकंप आमच्या गावी आला नाही. नाकाबंदी आली."

त्या रात्री आम्ही चष्मा सापडूनही काही वाचले नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस युनिसेफने इशारा दिला की, इंधन, औषधे आणि लसी यांच्या टंचाईमुळे नेपाळात पाच वर्षांखालील तीस लाखांवर मुले धोक्यात आहेत. 'फुगविलेल्या बातम्या' हे आमचेच शब्द कित्येक दिवस आमच्या कानांत वाजत राहिले. आमच्या सौ.नी मात्र अधिक उपयोगाचे काम केले. आईच्या औषधांची चिठ्ठी मागून घेतली आणि गावाकडे जाणाऱ्या एका माणसाबरोबर तीन महिन्यांची औषधे पाठविली.

पुढे आम्ही एक गोष्ट केली जी पंचवीस वर्षांपूर्वी करावयास हवी होती. 31 जुलै 1950 चा भारत-नेपाळ शांतता व मैत्रीचा तह मुळातून वाचला. दहा कलमांचा लहानसा दस्तऐवज आहे. नेपाळच्या बाजूने त्यावर सही आहे पंतप्रधान मोहन शमशेर राणा यांची आणि भारताच्या बाजूने आहे ती राजदूताची. एकीकडे घराचा कर्ता आणि दुसरीकडे त्या घरी पाठविलेला प्रतिनिधी. हा मानापमानाचा किरकोळ मुद्दा आहे असे आम्ही वर्गात हसून सांगत असू. परंतु बहादूर वयाने आमच्याहून दोनच वर्षांनी लहान असून आम्ही त्यास 'तू' म्हणतो आणि तो आम्हांस 'सर' म्हणतो, हे लक्षात आल्यावर ते हसे ओसरले. ज्या राणांनी सही केली त्यांच्या घराण्याची शंभर वर्षांची सत्ता पुढील सातच महिन्यांत संपली. पण तह उरला. तहासोबत जी पत्रे लिहिली गेली ती कित्येक वर्षे नेपाळी जनतेस दाखविली गेली नव्हती. शस्त्रे आणावयाची ती भारताच्या सल्ल्याने, असा पाचव्या कलमाचा रोख. 1988 साली नेपाळने चीनकडून शस्त्रे आणली. 1989च्या मार्चमध्ये व्यापार व वाहतुकीचे करार संपले, ते नव्याने झाले नाहीत आणि बहुतेक नाकी बंद पडली. म्हणजे 2015 हे काही पहिलेच वर्ष नव्हे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक नेपाळी माणसाच्या घरात आधीच्या नाकाबंदीची कहाणी ठरलेली होती. आम्ही मात्र प्रत्येक वेळी तिला 'तात्पुरता ताण' म्हणत आलो.

आता गंमत पाहा. दहाव्या कलमाप्रमाणे दोहोंपैकी कोणीही एक वर्षाची सूचना देऊन हा तह मोडू शकतो. नेपाळातील झाडून सारे पक्ष त्यास असमान म्हणतात, निवडणुकीत त्यावर भाषणे होतात. पण ती सूचना आजवर कोणी दिलेली नाही. 2016 साली दोन्ही देशांनी मान्यवरांचा एक गट नेमला, त्याने दोन वर्षांत अहवाल तयार केला, आणि तो स्वीकारावयास दिल्लीस सवड मिळेना. सूचना का दिली जात नाही याचे उत्तर सातव्या कलमात आहे. एका देशाच्या नागरिकास दुसऱ्या देशात राहण्याची, फिरण्याची, धंदा करण्याची, मालमत्ता बाळगण्याची मोकळीक त्या कलमाने दिली. आमच्या फाटकावरचे स्टूल त्या सातव्या कलमावर टेकलेले आहे. जो तह त्याच्या देशाला जाचतो तोच त्याच्या घरची चूल पेटवितो, आणि हे बहादूरला आमच्याहून चांगले ठाऊक आहे.

तो घरी जातो ती वाटही आम्ही नकाशावर बोट ठेवून पाहिली. पुण्याहून दिल्ली, दिल्लीहून बसने बनबसा, तेथे शारदेचा बंधारा ओलांडला की नेपाळचा कंचनपूर जिल्हा. शारदा म्हणजेच महाकाली, आणि हीच वर डोंगरात काली. इंग्रजांशी झालेल्या युद्धात नेपाळ हरले तेव्हा 1816च्या सुगौलीच्या तहाने ही नदी पश्चिम सरहद्द ठरली. कंचनपूर, कैलाली, बांके, बर्दिया हा तराईचा पट्टा तेव्हा नेपाळच्या हातून गेला होता. तो परत कसा आला ही कथा मराठी वाचकास अगदी परकी नाही. 1857च्या उठावात जंगबहादूर राणा लखनौवर फौज घेऊन इंग्रजांच्या मदतीस धावला, आणि 1860 साली त्या चाकरीपोटी हा मुलूख पदरात पडला. आणि ज्यांच्याविरुद्ध तो लढला त्या बेगम हजरत महलना त्यानेच काठमांडूत आसरा दिला; नानासाहेब पेशव्यांच्या कुटुंबीयांनाही तेथेच थारा मिळाला. लहानपणी इतिहास वाचताना जंगबहादूर आम्हांस केवळ फितूर वाटे. आता वाटते, बलाढ्य शेजाऱ्याच्या उंबऱ्याशी राहणाऱ्याचे हे शास्त्र आहे. इंग्रजांस उपयोग झाला पाहिजे, पण त्यांचा संपूर्ण अंकितही होता कामा नये. पृथ्वीनारायण शाहांनी आपल्या राज्यास दोन धोंड्यांमधल्या कंदाची उपमा दिली होती असे सांगतात. आम्ही ती उपमा परीक्षेत विचारतो. कंदाच्या बाजूने तिचा विचार करावयास मात्र आम्ही विद्यार्थ्यांस कधी सांगितले नाही.

ज्या घरास एकच दार असते त्याला दारासमोर राहणाऱ्याच्या प्रेमाने धीर येत नाही. ते प्रेम कितीही खरे असले तरी दाराची कडी बाहेरून आहे हे त्यास विसरता येत नाही. नेपाळचा सुमारे दोन-तृतीयांश व्यापार भारताशी होतो आणि उरलेल्यातलाही मोठा भाग भारतातूनच जातो. 2015च्या त्या टंचाईत चीनने सुमारे एक हजार टन पेट्रोल देणगी म्हणून पाठविले. देशाच्या गरजेपुढे ते थेंबभर होते, पण थेंबाचा गाजावाजा केवढा झाला! लगोलग मार्च 2016 मध्ये नेपाळने चीनशी वाहतुकीचा करार केला आणि 2019 साली त्याच्या मसुद्यात तिआनजिनसह चार चिनी बंदरे नेपाळला खुली झाली. कोलकाता रक्सौलपासून सुमारे सातशे किलोमीटर आहे. तिआनजिन तीन हजारांहून अधिक. तेथून मीठ आणले तर सोन्याच्या भावाने पडावे. शिवाय उत्तरेचे दार वरचेवर लागते. तातोपानीचा रस्ता 2015च्या भूकंपात मोडला तो चार वर्षे बंदच होता, आणि जुलै 2025च्या पुरात रसुवागढीचा पूलच वाहून गेला. तेव्हा व्यापारी हिशेबाने हे दुसरे दार जवळजवळ भिंतीवर रंगविलेले दार आहे. पण रंगविलेले दारही, कडी बाहेरून घातलेली असताना, आतल्या माणसास धीर देते. आणि ते रंगविण्याचा कुंचला आम्हीच त्याच्या हाती दिला. चीनने नेपाळ आपल्याकडे ओढला असे जे आमचे सेनाधिकारी शेजारी म्हणतात त्यांच्याशी आमचा आता रोज वाद होतो.

अर्थात ही खोड एकट्या दिल्लीची नव्हे. मंगोलियाचे उदाहरण घ्या. रशिया आणि चीन या दोहोंखेरीज ज्याला वाट नाही असा तो देश. म्हणून तो दूरच्या राष्ट्रांना 'तिसरा शेजारी' म्हणून जोडीत असतो. नोव्हेंबर 2016 मध्ये दलाई लामा उलानबातरला गेले. चीनने कर्जाची बोलणी थांबविली, सरहद्दीवरून जाणाऱ्या मालावर जादा आकार बसविला. आणि महिन्याभरात मंगोलियाच्या परराष्ट्रमंत्र्यांना असे आमंत्रण पुन्हा दिले जाणार नाही असे सांगावे लागले. दोन दारे असूनही ही गत. आशियातील ऐक्याची भाषणे आम्ही पुष्कळ ऐकली व स्वतःही केली. बांडुंगच्या परिषदेत लहानमोठी राष्ट्रे एका ओळीने बसली होती. पण त्या ओळीतून उठून ती घरी गेली म्हणजे कोणाच्या हाती कोणाची कडी आहे, हा प्रश्न जेथल्या तेथे राहतो. सार्कचे सचिवालय काठमांडूत आहे. 2014 साली तेथेच तिची शिखर परिषद भरली, त्यानंतर भरली नाही.

आमच्या टिपणांची खरी नाचक्की पुढेच आहे. एप्रिल 1954 चा भारत-चीन करार आम्ही पंचशीलाकरिता शिकवितो. त्याच करारात व्यापारी आणि यात्रेकरूंसाठी सहा खिंडी नमूद केल्या आहेत आणि त्यांतली शेवटची लिपुलेख. कालीचे मूळ कोणते यावर भारत व नेपाळ यांचा जो वाद आहे तो नेमका या खिंडीपाशी येऊन पोचतो. मूळ लिंपियाधुऱ्याशी धरले तर खिंड नेपाळची, कालापाणीजवळ धरले तर भारताची. भारत म्हणतो, 1954 पासून तेथून व्यापार चालला आहे आणि नेपाळची हरकत फार मागाहूनची. नेपाळ म्हणतो, आमच्या अंगणातली वाट तुम्ही दोघे परस्पर वाटून घेता. मे 2015 मध्ये, म्हणजे भूकंपाचे ढिगारे उपसले जात असताना, दिल्ली आणि बीजिंग यांनी लिपुलेखमार्गे व्यापार वाढविण्याचे ठरविले. ऑगस्ट 2025 मध्ये तो व्यापार पुन्हा सुरू करण्याचे ठरविले. मधल्या काळात, 2020च्या मे महिन्यात, भारताने तिकडील रस्त्याचे उद्घाटन केले आणि जूनमध्ये नेपाळने घटनादुरुस्ती करून तो सर्व प्रदेश आपल्या नकाशात घेतला. तेथील पुढाऱ्यांनी या नकाशाचा मतांसाठी यथेच्छ उपयोग केला हे आम्ही नाकारीत नाही. दावा कोणाचा खरा याचा निकाल देण्याचा अधिकारही आम्हांस नाही. पण 'एकमेकांच्या सार्वभौमत्वाचा आदर' हे पहिले तत्त्व फळ्यावर लिहिताना, त्याच कागदावरील खिंडीचे नाव आम्ही इतकी वर्षे वाचले नव्हते, एवढे मात्र खरे.

बहादूरला या वादात फारसे स्वारस्य दिसले नाही. त्याची काळजी निराळी होती. त्याचा चुलता गुरखा पलटणीत होता. मुलानेही तेथेच जावे असे त्याच्या मनात होते. 1947च्या त्रिपक्षीय करारापासून चालत आलेली ती भरती 2022 साली अडली. भारताने चार वर्षांची अग्निपथ योजना आणली, नेपाळने भरती लांबणीवर टाकण्यास सांगितले, आणि मेळावे झालेच नाहीत. मुलगा तीन वर्षे धावण्याचा सराव करीत होता. त्याचे वय उलटले. पुण्यास येऊन बापासारखे स्टूलावर बसण्यास तो तयार नव्हता, आणि त्याबद्दल आम्ही त्यास दोष देत नाही. मागल्या वर्षी त्याने कतारची वाट धरली. नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतका पैसा अशा परदेशी गेलेल्या माणसांकडून येतो. तेव्हा काठमांडूचा विमानतळ हेच त्या देशाचे खरे दुसरे दार म्हणावयाचे.

मुलाच्या कागदांवर बापाचे नाव इंग्रजीत नीट लिहून हवे होते म्हणून बहादूर एका संध्याकाळी वर आला. खुर्चीवर बसावयास त्यास दोनदा सांगावे लागले. अठरा वर्षांत प्रथमच आम्ही त्याचे खरे नाव लिहिले. ते येथे छापीत नाही. ते त्याचे आहे. "तुम्ही बसा," असे आम्ही म्हणालो तेव्हा तो चमकला, आणि सौ.नी स्वयंपाकघरातून डोकावून पाहिले. मग दोहा कोठे आले असे त्याने विचारले. आमच्या भिंतीवर आशियाचा मोठा नकाशा आहे. आम्ही दोह्यावर बोट ठेवले. त्याने आपले गाव शोधले; त्या नकाशावर अछामचे नावच नव्हते. कालीची निळी रेघ सापडली, तिच्या उजवीकडे अंदाजाने त्याने अंगठा टेकला आणि तेथून दोह्यापर्यंत वितीने अंतर मोजू लागला. मध्ये पाकिस्तान, इराण आणि समुद्र आला. मोजणे पुरे व्हायच्या आत खाली कोणाच्या तरी मोटारीचा भोंगा वाजला, आणि आम्ही नको नको म्हणत असताना ते फाटक उघडण्याकरिता खाली गेले.